वर्णद्वेषाचा डाग असलेल्या जुन्या अमेरिकन ट्यून्स आज वाजवायच्या असतील तर: तयारीपासून अपलोडपर्यंत

गिटार, युकुलेले, माउथ ऑर्गन, कीबोर्ड, काहीही शिकायला घ्या, सुरुवातीच्या पुस्तकात ‘ओ सुझाना’ किंवा ‘टर्की इन द स्ट्रॉ’ सापडतंच, सोप्या कॉर्ड्स, पटकन बोटात बसणारी चाल. मग कधीतरी कुणीतरी सांगतं की अरे ही गाणी तर तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टिंगल करणाऱ्या शोमधली आहेत. आणि तिथून पुढे लोक जे करतात ते बहुतेक वेळा चुकतं. एक तर नुसतं नाव बदलून मोकळे होतात. नाहीतर घाबरून अख्खं अमेरिकन लोकसंगीतच सेटलिस्टमधून उडवतात. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, स्टेजवर पाच मिनिटं गंभीर चेहऱ्याने माफी मागायची आणि लगेच तीच ट्यून टाळ्या वाजवायला लावून हसत हसत वाजवायची.

हे सगळं टाळता येतं, फक्त ठरवायचं ते स्टेजवर चढायच्या बरंच आधी ठरवावं लागतं आणि एकेक भाग सुटा करून ठरवावं लागतं. तुम्ही पुण्यात कॅफेत वाजवत असा, ठाण्यात मुलांच्या बॅचेस घेत असा नाहीतर न्यू जर्सीत वीकेंडच्या कॉन्ट्रा डान्सला (समोरासमोर रांगांत नाचायचा लोकनृत्याचा प्रकार) फिडल घेऊन जात असा, क्रम तोच.

सामान काय लागेल: एक वही, इंटरनेट, एक-दोन निवांत संध्याकाळी आणि तुमच्याबरोबर वाजवणारे लोक. गिग उद्या असेल आणि आज हे वाचताय तर सरळ पायरी ४ मधला पहिला रस्ता घ्या, ती ट्यून उद्यापुरती काढा आणि बाकीचं नंतर सावकाश करा.

पायरी १: ट्यून नक्की कुठली ते पक्कं करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढचं सगळं हवेत राहतं. लोकसंगीतात एका चालीला दहा नावं असतात आणि एका नावाच्या तीन वेगळ्या चाली असतात, त्यामुळे नुसतं नाव सर्च करून काही होत नाही.

‘टर्की इन द स्ट्रॉ’चंच बघा. ही चाल १८३४च्या आसपास ‘झिप कून’ या नावाने मिन्स्ट्रेल मंचावर गाजली. मिन्स्ट्रेल म्हणजे गोऱ्या कलाकारांनी चेहरा काळा रंगवून गुलामांची आणि मुक्त काळ्या लोकांची नक्कल करायची, त्या काळातली अमेरिकेतली सगळ्यात लोकप्रिय करमणूक. ‘कून’ ही तिथली शिवी. तीच चाल मुलांच्या ‘डू युअर इअर्स हँग लो’ला आहे, १९२८च्या मिकी माउसच्या ‘स्टीमबोट विली’त आहे, अमेरिकेत आइस्क्रीमच्या गाड्या वर्षानुवर्षं तीच वाजवत फिरल्या. १९१६ साली कोलंबियाने हॅरी सी. ब्राउनची याच चालीवरची एक रेकॉर्ड काढली, तिच्या नावातच एन-वर्ड (काळ्या लोकांसाठीची सगळ्यात घाण शिवी) होता आणि ती रेकॉर्ड ऐकवत नाही इतकी घाण आहे. २०२०मध्ये गुड ह्यूमर या आइस्क्रीम कंपनीने रॅपर रिझाकडून नवी जिंगल करून घेतली ती याच कारणाने.

आता काय करायचं:

१. चालीच्या पहिल्या आठ मात्रांचं नोटेशन वहीत उतरवा. नोटेशन येत नसेल तर सारेगम लिहा, चालतं.

२. ‘ट्रॅडिशनल ट्यून आर्काइव्ह’ या साइटवर ती शोधा आणि सापडतील तेवढी सगळी नावं एकाखाली एक लिहा, घाणेरडी नावंसुद्धा, वही तुमचीच आहे.

३. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लेव्ही कलेक्शनमध्ये आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर एकोणिसाव्या शतकातली छापील शीट म्युझिक स्कॅन करून फुकट ठेवलीयेत. तिथे मूळ प्रत उघडा आणि कव्हर बघा. आधी चित्र बघा, मग शब्द. कव्हरवर ‘इथिओपियन मेलडी’ किंवा ‘प्लँटेशन मेलडी’ छापलं असेल तर तो माल बहुतेक मिन्स्ट्रेलचा, इथिओपियाशी त्याचा काडीचा संबंध नसतो.

४. प्रत्येक नावापुढे साल आणि कुठे बघितलं ते लिहा.

सावधान: फॉरवर्ड आलेल्या पोस्टवर निर्णय घेऊ नका. हल्ली दर दोन महिन्यांनी ‘तुम्हाला माहितीये का हे गाणं वर्णद्वेषी आहे’ छापाचं काहीतरी फिरत असतं आणि त्यातलं निम्मं अर्धवट असतं. ‘जिंगल बेल्स’ घ्या. १८५७ साली बॉस्टनमध्ये त्याचा पहिला प्रयोग ब्लॅकफेस, म्हणजे चेहरा काळा रंगवलेल्या, कलाकाराने केला हे जुन्या कागदपत्रांतून दाखवलं गेलंय, पण आज शाळेत जे शब्द म्हणतात त्यात कुणाची टिंगल नाही. हे माहीत असणं वेगळं आणि डिसेंबरच्या कार्यक्रमातून गाणं काढणं वेगळं.

चेक: वहीत किमान दोन नावं, एक साल आणि मूळ छापील प्रत बघितल्याची नोंद आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २: चार थर वेगळे काढा

‘गाणं वर्णद्वेषी आहे का’ हा प्रश्न असा घाऊक विचारला की वाद होतो, उत्तर मिळत नाही. चार प्रश्न विचारा. चाल कुठली? नाव काय? शब्द काय? आणि ते सादर कसं करायचे, म्हणजे उच्चार, कपडे, रंगरंगोटी, मधले विनोद? डाग कुठल्या थरावर आहे त्यावर उपाय ठरतो.

‘ओ सुझाना’ या पद्धतीने उलगडून दाखवतो. स्टीफन फॉस्टर या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन गीतकाराचं गाणं, १८४८मध्ये छापलं गेलं. चाल: पोल्कासारखी, निरुपद्रवी. नाव: काही अडचण नाही. शब्द: इथे दोन भानगडी आहेत. पहिली म्हणजे पूर्ण गाणं नकली ‘गुलामांच्या इंग्रजी’त लिहिलंय, ‘द’च्या जागी ‘दे’ वगैरे, हसू यावं म्हणून. दुसरी जास्त गंभीर, मूळ दुसऱ्या कडव्यात टेलिग्राफवर बसून नदीतून जाताना विजेने पाचशे काळे लोक मेले असं आहे, एन-वर्ड वापरून, विनोद म्हणून. आपल्याकडच्या पुस्तकांत हे कडवं नसतं, त्यामुळे शिकवणाऱ्या सरांनाही बहुतेक पत्ता नसतो. सादरीकरण: ब्लॅकफेस.

म्हणजे चार थरांपैकी दोन साफ, एकात फोड, एक पूर्ण टाकाऊ. आता बोलायला काहीतरी हातात आलं.

‘डिक्सी’ला हेच लावा आणि निकाल वेगळा येतो. डॅन एमेटचं १८५९चं मिन्स्ट्रेल गाणं, शब्द ‘झिप कून’च्या मानाने सौम्य, पण यादवी युद्धात ते गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेचं गीत झालं आणि नंतर शंभर वर्षं समान हक्कांच्या विरोधातले लोक ते मुद्दाम वाजवत राहिले. इथे डाग थेट चालीला लागलाय. शब्द गाळून नुसतं माउथ ऑर्गनवर वाजवलंत तरी ऐकणाऱ्याला त्या दक्षिणेचा झेंडाच दिसतो. मिसिसिपी विद्यापीठाच्या बँडने २०१६मध्ये ते वाजवणं थांबवलं, तेव्हाही बँड काही गात नव्हता, वाजवतच होता.

नेहमीची चूक: “आम्ही इन्स्ट्रुमेंटल वाजवतो, शब्द नाहीतच, मग प्रॉब्लेम काय?” ‘ओ सुझाना’ला हे चालेल, ‘डिक्सी’ला नाही. फरक कळण्यासाठीच ही पायरी.

पायरी ३: फेकायच्या आधी बघा की ते मुळात कुणाचं होतं

इथे जरा थांबतो कारण उत्साही लोक नेमकं इथेच उलटं काम करून बसतात. बँजो हे वाद्यच आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी घडवलेलं, भोपळ्याला कातडं ताणून, आणि पश्चिम आफ्रिकेत अकोंटिंगसारखी त्याची भावंडं आजही वाजतात. मिन्स्ट्रेलवाल्यांनी वाद्य उचललं, ट्यून्स उचलल्या, वर टिंगल केली. त्यामुळे मिन्स्ट्रेल पुस्तकात सापडलं म्हणून सगळं जाळा म्हटलं की मूळ काळ्या वादकांचा माल पण जातो, म्हणजे चोराच्या घरी सापडला म्हणून मालकाचा दागिनाच वितळवायचा असला प्रकार.

दोन उदाहरणं लक्षात ठेवा.

एक गाणं आहे ज्याचं नाव ‘रन’, मग एन-वर्ड, मग परत ‘रन’. नाव वाचून कुणीही कचऱ्यात टाकेल. पण हे गुलामांचं स्वतःचं गाणं, रात्री परवान्याशिवाय बाहेर सापडलेल्यांना पकडणाऱ्या गस्तीपासून पळ, असं सांगणारं. १८६७ साली छापल्या गेलेल्या ‘स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या संग्रहात ते आहे. पुढे गोऱ्या वादकांनी ते गमतीचं म्हणून वाजवलं ही वेगळी गोष्ट. हे ‘रन, जॉनी, रन’ म्हणूनही वाजवलं जातं.

दुसरं, कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स. रिअॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण कृष्णवर्णीय वादक नॉर्थ कॅरोलिनातल्या मेबेन गावच्या जो थॉम्पसन या म्हाताऱ्या फिडलरकडे जाऊन बसायचे, शिकायचे. त्यांच्या २०१०च्या अल्बममध्ये एक ट्यून आहे, जुनं नाव ‘जेन्युइन निग्रो जिग’, डॅन एमेटच्या नावाशी जोडलेली. ओहायोतल्या नॉक्स काउंटीत एमेटच्या गावाजवळच स्नोडेन नावाचं कृष्णवर्णीय संगीतकार कुटुंब राहायचं, तर ड्रॉप्सनी ट्यूनला नाव दिलं ‘स्नोडेन्स जिग’ आणि जुनं नाव कंसात ठेवलं. नाव बदलणं म्हणजे काय तर हे. डाग पुसून वर काहीतरी गोड चिकटवलं नाही, श्रेय जिथलं तिथे नेऊन ठेवलं.

काम काय करायचं: तुमच्या ट्यूनचं एखाद्या कृष्णवर्णीय वादकाने केलेलं रेकॉर्डिंग शोधा. स्मिथसोनियन फोकवेजचा ‘ब्लॅक बँजो साँगस्टर्स ऑफ नॉर्थ कॅरोलिना अँड व्हर्जिनिया’ हा १९९८चा संग्रह चांगली सुरुवात आहे. किमान चार-पाच वेळा ऐका, नुसतं बॅकग्राउंडला लावून नाही, वाद्य हातात घेऊन. त्यांनी कुठलं कडवं गाळलंय, नाव काय दिलंय, कुठे लय वेगळी धरलीये, हे लिहून ठेवा. त्यांनी ट्यून सोडून दिलेली दिसली तर तीही माहितीच.

चेक: “ही ट्यून आज कोण वाजवतं आणि कशी?” याचं उत्तर एका वाक्यात देता येतंय का?

पायरी ४: पाच रस्ते, त्यातला एक निवडा

*पहिला, सोडून द्या.* शब्द आणि नाव दोन्ही शिवीवरच उभे असतील, किंवा ‘डिक्सी’सारखं चालच झेंडा झाली असेल तर. जगात ट्यून्स कमी नाहीत. फक्त बदली देताना डोकं वापरा, विशेषतः डान्ससाठी वाजवत असाल तर तीच पट्टी, तेवढ्याच ३२ बारची रचना लागते नाहीतर नाचणारे भलतीकडेच जातात. ‘टर्की’ बहुतेक जण जी मेजरमध्ये वाजवतात, तिथे ‘मिस मॅक्लाउड्स रील’ बसतं.

सावधान: बदली म्हणून हात लगेच ‘अँजेलिन द बेकर’कडे जातो, सोपी आहे, गोड आहे. तीसुद्धा फॉस्टरच्या १८५०च्या ‘अँजेलिना बेकर’ या मिन्स्ट्रेल गाण्यातूनच आलीये. फिडलवर येता येता चाल बरीच बदललीये, शब्दही वेगळे झालेत, त्यामुळे ती वाजवूच नका असं मी म्हणत नाही, पण बदलीच्या ट्यूनलाही पायरी १ लागू आहे हे विसरू नका.

*दुसरा, नुसती चाल.* डाग फक्त शब्दांवर असेल आणि चाल स्वतःच्या पायावर उभी असेल तर.

*तिसरा, नाव बदला.* आधीपासून प्रचारात असलेलं दुसरं नाव असेल तर तेच घ्या, स्वतःच्या मनाने ‘सह्याद्री रील’ वगैरे ठेवू नका. तसं केलं की माग पुसला जातो, आणि वर तुम्ही दुसऱ्याची ट्यून आपली म्हणून खपवताय असं दिसतं.

*चौथा, शब्द बदला किंवा गाळा.* हे कुणाला आजकालचं फॅड वाटत असेल तर कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसनने १९३०च्या दशकातच ‘ओल्ड मॅन रिव्हर’चे शब्द स्वतः बदलून गायला सुरुवात केली होती. सरकारंही करतात: फ्लोरिडाने फॉस्टरचं ‘ओल्ड फोक्स अॅट होम’ राज्यगीत म्हणून ठेवलं पण २००८मध्ये शब्द दुरुस्त केले. फॉस्टरची गाणी कॉपीराइटच्या बाहेर आहेत, परवानगी लागत नाही.

*पाचवा, सगळं सांगून मुद्दाम सादर करा.* व्याख्यान, अभ्यास-कार्यक्रम, म्युझियमचा प्रयोग अशा ठिकाणी. हा सगळ्यात अवघड रस्ता आहे आणि खरं सांगायचं तर शनिवारी रात्री कॅफेत, समोर लोक पिझ्झा खातायत, तिथे हा निवडू नका.

निवड वहीत लिहा, खाली एका ओळीत कारण लिहा. कारण लिहिता येत नसेल तर निवड झालेली नाही.

आता एक वाद जो इथे हमखास निघतो: “आपण कुठे गोरे आहोत, आपल्याला काय लागू?” याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, केंटकीतलं. १९८६ साली जपानी तरुणांचा एक ग्रुप केंटकीच्या विधिमंडळात पाहुणा म्हणून गेला आणि यजमानांचा मान म्हणून त्यांचं राज्यगीत, फॉस्टरचं ‘माय ओल्ड केंटकी होम’, म्हणून दाखवलं. पाठ केलं होतं मूळ शब्दांसकट आणि त्यात काळ्या लोकांसाठी ‘डार्कीज’ होतं. समोर कार्ल हाइन्स हे कृष्णवर्णीय सदस्य बसले होते. त्यांनी नंतर ठराव आणला आणि अधिकृत शब्दांत तिथे ‘पीपल’ आलं. त्या पोरांचा हेतू शंभर टक्के चांगला होता, कुणी त्यांना दोष देत नाही, पण ऐकणाऱ्याला जे ऐकू गेलं ते गेलंच.

गंमत म्हणजे त्याच गाण्याबद्दल फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून पळून आले होते, त्यांनी १८५५मध्ये लिहून ठेवलंय की अशी गाणी गुलामांबद्दल सहानुभूती जागी करतात. पुढची कडवी वाचा, विकल्या गेलेल्या गुलामाचं घर सुटतंय त्याचं दुःख आहे. केंटकी डर्बीच्या (तिथली घोड्यांची मोठी शर्यत) वेळी हजारो लोक फक्त पहिलं कडवं म्हणतात आणि छान घराची आठवण म्हणून डोळे पुसतात. म्हणजे कधीकधी शब्द गाळल्यानेच गाणं खोटं होतं. चौथा रस्ता घेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

पायरी ५: बरोबरच्यांशी आणि आयोजकांशी आधी बोला

रिहर्सलला बोला, साउंडचेकला नको. ग्रुपमध्ये एकाचाही ठाम नकार असेल तर ट्यून बाहेर, त्यावर मतदान घेऊ नका. बरोबर कुणी कृष्णवर्णीय वादक असेल तर सगळ्यांदेखत ‘तुला चालेल ना’ असं विचारू नका, बिचाऱ्याला नाही म्हणायची सोयच राहत नाही. आणि त्याला सगळ्या समाजाच्या वतीने सर्टिफिकेट द्यायला लावू नका.

आयोजकांना एवढंच कळवा: ट्यूनचं नाव, तुम्ही कसं वाजवणार आणि पत्रिकेत काय छापायचं. पत्रिकेत काय छापायचं हे लिहून दिलं नाही तर पत्रिका करणारा गुगलवरून जुनं नाव उचलतो आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

पायरी ६: बदललेलं तोंडात बसेपर्यंत घोटा

लोक शब्द बदलतात कागदावर आणि स्टेजवर लहानपणापासूनचे जुनेच तोंडातून येतात. घाईत, टेन्शनमध्ये जीभ जुन्या वाटेने जाते. म्हणून:

१. जुने शब्द असलेला कागद स्टँडवरून काढून टाका. खोडून वर लिहिलेला नको, नवीन कोरा प्रिंट काढा.

२. बदललेली ओळ आधी लयीत नुसती बोला, मग संथ गा, मग ठरलेल्या स्पीडच्या थोडं वर गा.

३. ‘दे’, ‘ग्वाइन’ वगैरे नकली उच्चार काढून सरळ इंग्रजीत गा. यमक कुठे अडलं तर यमक सोडा.

४. कडवं गाळल्यावर मध्ये वाद्याचा एक फेरा टाकायचा की सरळ पुढचं कडवं, हे सगळ्यांना माहीत पाहिजे. नाहीतर बासवाला एकटाच कोरसला पोचतो.

नेहमीची चूक: मराठी विडंबन. चाल उचलायची आणि वर मराठीत ‘काळू’ नाहीतर ‘हबशी’ घालून गमतीशीर शब्द बसवायचे. शिवी भाषा बदलून आली तरी शिवीच.

पायरी ७: तीस सेकंदांची प्रस्तावना लिहून काढा

आयत्या वेळी बोलू म्हणणारे एक तर गप्प बसतात नाहीतर भाषण ठोकतात. तीन वाक्यं पुरतात: ट्यून कुठली, काय झालं होतं, आम्ही काय करतोय. उदाहरणार्थ:

“पुढची ट्यून, स्नोडेन्स जिग. ओहायोमधल्या स्नोडेन या कृष्णवर्णीय कुटुंबाकडून ती आली असावी, पण पुढे ती तोंडाला काळं फासून शो करणाऱ्या एका गोऱ्या कलाकाराच्या नावावर आणि वेगळ्याच नावाने ओळखली गेली. आम्ही स्नोडेन मंडळींचं नाव घेऊन वाजवतोय.”

बस. माफी नाही, ‘आम्ही किती जागरूक’ नाही, आणि शिवी मोठ्याने उच्चारायची अजिबात गरज नाही, ‘घाणेरडं नाव’ एवढं म्हटलं की लोकांना कळतं. ‘निग्रो’ हा शब्द आपल्याकडे अजून सर्रास छापतात, पण तुमच्या प्रस्तावनेत ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हणा.

सगळ्या ट्यून्सना प्रस्तावना द्यायची नाही. नुसती चाल वाजवताय आणि नावात काही नाही, तर गप वाजवा. पण कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

चेक: मोबाइलवर टायमर लावून वाचा. चाळीस सेकंदांच्या वर जात असेल तर छाटा. आणि प्रस्तावनेनंतर लगेच टाळ्यांचा ठेका धरायला लावणार असाल तर ट्यूनची जागा बदला, आधी एक संथ काहीतरी घ्या.

पायरी ८: स्टेजवर

कपडे नेहमीचे. फाटकी पँट, गवताची हॅट, ओठांवर पांढरा रंग, काही नको. खोटा ‘साउथचा’ आवाज काढू नका. बोन्स (हाडांच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या), टॅम्बोरिन वाजवायला काही हरकत नाही, वाद्यं आहेत ती, ती हातात घेऊन माकडचेष्टा करायला हरकत आहे.

आता रंगाचं. कुणी म्हणेल हे आपल्याकडे कोण करतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘आफ्रिकन डान्स’ म्हणून लहान मुलांना काळा रंग फासून, कमरेला पालापाचोळा बांधून ‘झिंगालाला’ करायला लावणारे आपल्याच गावात आहेत, आणि पालक पहिल्या रांगेतून व्हिडिओ काढतात. हे बंद करा, याला पाच रस्ते वगैरे नाहीत. इंग्लंडमध्ये मॉरिस डान्सवाल्यांची काळं तोंड रंगवायची जुनी प्रथा होती, त्यांच्या संघटनांनीही २०२०मध्ये ती सोडायला सांगितली आणि कितीतरी ग्रुप आता निळा-हिरवा रंग लावून नाचतात, नाच तोच. आणि पुण्यात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं भरपूर आहेत, तुमच्या प्रेक्षकांत ती बसलेली असू शकतात.

पायरी ९: मुलांना शिकवत असाल तर

पुस्तकात गाणं आहे म्हणून शिकवलंच पाहिजे असं नाही. सी, एफ, जी या तीन कॉर्ड्स शिकवायला शेकडो गाणी आहेत. तरी शिकवायचं ठरवलंत तर वयाप्रमाणे: सात-आठ वर्षांच्या मुलाला “या गाण्यात पूर्वी काही वाईट ओळी होत्या, त्या आपण म्हणत नाही” एवढं पुरे. चौदा-पंधराच्या मुलांना सगळं सांगा, कव्हरची स्कॅन दाखवा, त्यांना झेपतं, उलट लपवलंत तर ती स्वतः शोधून तुम्हालाच विचारतील.

परदेशात असाल आणि मुलाच्या शाळेतल्या ऑर्केस्ट्रात असली ट्यून आली तर शिक्षकांना भांडायच्या सुरात मेल नको. ‘या ट्यूनचा इतिहास मुलांना सांगणार आहात का, आणि कुठलं नाव छापणार’ असं विचारा. बहुतेकदा त्यांना माहीत नसतं आणि ते बदलतात.

पायरी १०: रेकॉर्डिंग आणि अपलोड

शीर्षकात आणि थंबनेलवर तुम्ही निवडलेलं नाव. डिस्क्रिप्शनमध्ये दोन ओळी: ही चाल पूर्वी मिन्स्ट्रेल मंचावर कुठल्या काळात गाजली, तुम्ही कुणाच्या रेकॉर्डिंगवरून शिकलात. जुन्या नावात शिवी असेल तर ती पूर्ण लिहू नका, पण ‘या ट्यूनला जुनं आक्षेपार्ह नावही आहे’ हे लिहा म्हणजे शोधणाऱ्याला धागा मिळतो. हॅशटॅग टाकताना अॅप आपणहून जुनं नाव सुचवतं, तेवढं बघून काढा. ऑटो कॅप्शन तपासा, ते काहीही ऐकतं.

कुणी कमेंटमध्ये किंवा कार्यक्रमानंतर येऊन आक्षेप घेतला तर आधी पूर्ण ऐकून घ्या. वहीतली पायरी ४ची ओळ सांगा, “आम्ही असं ठरवलं कारण...”. त्यांच्याकडे तुम्हाला माहीत नसलेलं काही असेल, एखादं जुनं रेकॉर्डिंग, एखादा वेगळा पाठ, तर ते लिहून घ्या आणि पायरी १ पासून परत बघा. नुसतंच ‘हल्ली लोकांना कशाचंही लागतं’ म्हणणारा किंवा ‘सगळंच बंद करा’ म्हणणारा असेल तर नमस्कार करून केबल गुंडाळायला घ्या.

शेवटचं काम वहीचं. ट्यून, नावं, साल, निवडलेला रस्ता, कारण, तारीख, एवढं एका पानावर आणून त्याचा फोटो ग्रुपवर टाका. नवीन कुणी वाजवायला आलं की पहिल्या रिहर्सलला तेच पान पुढे करायचं.